कागदी सुरळीची बांधणी

कागदी सुरळीची बांधणी म्हणजे गुंडाळून ठेवलेला कागद आपोआप उलगडू नये, यासाठी त्याचे बाहेरचे टोक स्थिर करण्याची क्रिया व तिच्यासाठी वापरले जाणारे साधन होय. घरात गुंडाळून ठेवल्या जाणाऱ्या कागदांत जन्मपत्रिका, वंशावळी, मोडी लिपीतील खते आणि जमिनीचे नकाशे यांपासून दिनदर्शिका, भेटवस्तूंचा वेष्टन-कागद आणि स्वयंपाकघरातील टिपकागदापर्यंत अनेक प्रकार येतात. सुरळी टिकण्यासाठी ती आवळून बांधावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बाहेरचा शेवटचा वेढा हलकेच धरून ठेवणे पुरेसे असते. जुन्या कागदांची बरीचशी हानी आवळण्यामुळे आणि चिकटवण्यामुळे होते. मराठवाड्यात, त्यातही धाराशिव जिल्ह्यासारख्या पूर्वीच्या निजामी मुलखात, जुन्या कागदपत्रांना पुरावा म्हणून मोल आल्याने या साध्या घरगुती क्रियेला विशेष महत्त्व आहे.

## संज्ञा

गुंडाळलेल्या कागदाला मराठीत सुरळी, गुंडाळी किंवा भेंडोळे म्हणतात. सुरळी हा शब्द नळीसारख्या नीटस आकारासाठी, तर भेंडोळे हा शब्द बहुधा अनेक कागदांच्या एकत्रित गुंडाळीसाठी योजला जातो. पोथ्या व कागद ज्या कापडात गुंडाळून ठेवतात त्याला बासन म्हणतात. एखादे प्रकरण मागे टाकणे या अर्थाचा ‘बासनात गुंडाळणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. कागदपत्रे बांधण्याच्या चौकोनी कापडास रुमाल म्हणतात. पुणे येथील पुरालेखागारातील पेशवे दप्तर अशा रुमालांत बांधलेले असून, तेथे रुमाल हे कागदांचे गठ्ठे मोजण्याचे एककही झाले आहे. इंग्रजी अमदानीत सरकारी कागद लाल रंगाच्या फितीने बांधले जात. ‘लालफितीचा कारभार’ या शब्दप्रयोगाचे मूळ त्या फितीत आहे. कागद बांधण्याची साधने भाषेत अशा प्रकारे रुजली, यावरून त्यांचा वापर किती सार्वत्रिक होता याची कल्पना येते.

## सुरळी उलगडण्याची कारणे

कागद हा वनस्पतिजन्य तंतूंचा पातळ थर असतो. तो वाकवला की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि आतल्या बाजूचे दबले जातात. हे तंतू मूळ स्थितीत येऊ पाहतात, म्हणून नुकताच गुंडाळलेला कागद उलगडू लागतो. हा जोर मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली गोष्ट म्हणजे कागदाची जाडी: एकाच जातीच्या कागदाची जाडी दुप्पट झाली, तर त्याचा ताठरपणा सुमारे आठपट होतो. दुसरी गोष्ट म्हणजे सुरळीचा व्यास: सुरळी जितकी बारीक, तितका तंतूंवरील ताण अधिक. त्यामुळे जाड कागदाची बारीक सुरळी सर्वांत जोराने उलगडते.

या जोराला वेढ्यांमधील घर्षण विरोध करते. आतील प्रत्येक वेढ्यावर त्याच्या बाहेरच्या वेढ्याचा दाब असतो. सर्वांत बाहेरच्या वेढ्याला मात्र बाहेरून दाबणारे काहीच नसते. म्हणून उलगडण्यास नेहमी तेथूनच प्रारंभ होतो आणि तो वेढा सैल झाला की आतले वेढे क्रमाने सुटत जातात. उलटपक्षी, शेवटचे टोक जागेवर राहिले तर एरवी सर्व वेढे एकमेकांना धरून ठेवतात. बांधणीचे संपूर्ण तत्त्व या एका गोष्टीत सामावलेले आहे.

यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतांश तंतू एका दिशेने लागलेले असतात. सुरळीचा अक्ष या दिशेला समांतर ठेवल्यास कागद सहज वळतो. आडव्या दिशेने गुंडाळल्यास तो अधिक विरोध करतो. हातकागदात हा फरक कमी जाणवतो. याशिवाय कागद हवेतील ओलावा शोषतो व सोडतो. पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. परिणामी एका ऋतूत योग्य वाटलेली बांधणी दुसऱ्या ऋतूत काचू लागते किंवा सैल पडते.

दीर्घकाळ गुंडाळलेल्या कागदाची स्थिती नेमकी उलट असते. त्याला वळणाची सवय लागते आणि तो उलगडण्यास नकार देतो. असा कागद बळाने सपाट केल्यास वळणाच्या जागी तडे जातात.

## पारंपरिक पद्धती

जन्मपत्रिकेसारखी लांब पट्टी गुंडाळून तिच्याभोवती सुती दोरा किंवा नाडा गुंडाळण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र होती. महत्त्वाचे कागद त्यानंतर कापडी बासनात बांधून लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवले जात. कापडाने वेढ्यांवर सर्व बाजूंनी समान दाब येतो, ते हवा खेळू देते आणि ओलाव्यातील चढउतारांची तीव्रताही कमी करते. कसर व वाळवी लागू नये म्हणून बासनात वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याचा प्रघात होता. जुन्या कागदाला खळ लावून तो घोटलेला असे. ही खळ किड्यांचे खाद्य असल्याने ही दक्षता आवश्यक ठरे. मराठवाड्यात दौलताबादजवळील कागजीपुरा हे अशा हातकागदाचे परंपरागत केंद्र आहे.

शाळांमधील भिंतीवरील नकाशांसाठी वेगळी रचना आढळते. नकाशाच्या मागे कापड चिकटवून वर व खाली लाकडी दांड्या लावलेल्या असतात. खालच्या दांडीभोवती नकाशा गुंडाळल्यामुळे सुरळीला पुरेशी जाडी व आधार मिळतो आणि वरच्या दांडीला बांधलेल्या नाड्यांनी ती धरली जाते.

## धाराशिव जिल्हा आणि घरगुती कागदपत्रे

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, तर मराठी व्यवहारात मोडी लिपी रूढ होती. त्यामुळे येथील जुन्या कागदांत दोन्ही लिप्या आढळतात. ज्यांना त्या वाचता येत नाहीत अशा पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने हे कागद निरुपयोगी ठरले आणि बरेच कागद माळ्यावर किंवा कोनाड्यात पडून राहिले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्यातील उमरगा व लोहारा परिसराचीही मोठी हानी केली. दगड-मातीच्या जाड भिंतींची व माळवदाची घरे कोसळली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. घरांबरोबर घरातील कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली.

मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या कामासाठी निजामकालीन दप्तरे तपासण्यात आली आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची मदत घेण्यात आली. शासकीय नोंदींसोबत घराघरांतील जुने कागदही या काळात बाहेर निघाले. ज्या कागदावरील एक शब्द वा एक नाव निर्णायक ठरू शकते, तो कागद उलगडताना तुकडे होणे ही केवळ भावनिक हानी राहत नाही.

घरगुती कागद हे इतिहासाचेही साधन आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेसाठी (पहिला खंड १८९८) महाराष्ट्रभर हिंडून घराघरांतील दप्तरे मिळवली होती.

## बांधणीमुळे होणारी हानी

* रबर: रबरी कड्याचे एकस्व लंडनच्या स्टीफन पेरी यांनी १८४५ मध्ये घेतले. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेले असते. काही वर्षांत रबर प्रथम चिकट व नंतर ठिसूळ होते, कागदाला चिकटते आणि तपकिरी डाग सोडते. तोवर त्याच्या दाबाने कागदाच्या कडाही चेपलेल्या असतात.
* चिकटपट्टी: पारदर्शक चिकटपट्टी १९३० मध्ये अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी प्रचारात आणली. तिचा डिंक कालांतराने पिवळा होऊन तंतूंत मुरतो. पट्टी काढताना कागदाचा वरचा थर अक्षरांसह निघून येतो.
* टाचणी व तार: लोखंड गंजते आणि गंजाभोवतीचा कागद जळल्यासारखा होऊन गळून पडतो.
* बारीक सुतळी: आवळून बांधल्यास ती कागदात रुतते आणि घडीसारखी कायमची खूण पाडते.
* प्लास्टिकची पिशवी: ओलावा आत कोंडला जाऊन बुरशी धरते.

सर्वांत बाहेरचा वेढा ही सर्व हानी प्रथम सोसतो. खत किंवा करारनामा आरंभापासून गुंडाळला, तर त्याचे शेवटचे टोक बाहेर येते; साक्षीदारांची नावे व सह्या बहुधा याच टोकाला असतात. अशा वेळी कागदाचा मजकूर शाबूत राहूनही त्याचा पुरावा नष्ट होतो.

## सुरक्षित पद्धत

जतनशास्त्रात लांब किंवा मोठ्या आकाराच्या कागदांसाठी पुढील क्रम सांगितला जातो.

# कडक झालेला कागद जबरीने उलगडू नये. त्याला नियंत्रित ओलावा देऊन मोकळे करण्याचे काम जाणकाराकडे सोपवावे.
# सहज उलगडणाऱ्या कागदाचे प्रथम छायाचित्र घ्यावे, म्हणजे मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही.
# कागदाच्या रुंदीपेक्षा लांब आणि साधारण १० सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची नळी घ्यावी. तिच्यावर आम्लरहित कागद किंवा धुतलेले, बिनरंगी सुती कापड गुंडाळावे.
# कागद नळीच्या आत न घालता तिच्यावर सैल गुंडाळावा. कोरे टोक असल्यास ते बाहेर ठेवावे.
# संपूर्ण सुरळीवर सुती कापडाचे वेष्टन द्यावे. दोन्ही बाजूंच्या कडा झाकल्या जाव्यात.
# वेष्टनावरून रुंद, सपाट सुती फीत दोन-तीन ठिकाणी बांधावी. फितीखाली बोट सहज सरकावे आणि गाठ एका ओढीने सुटावी.
# कागदाचे नाव व वर्ष बाहेरच्या चिठ्ठीवर लिहावे, मूळ कागदावर लिहू नये. सुरळी कोरड्या जागी आडवी ठेवावी आणि तिच्यावर वजन ठेवू नये.

कागदाला प्लास्टिकचे उष्ण आवरण देणे, म्हणजे लॅमिनेशन करणे, टाळावे. ते पुन्हा सुरक्षितपणे काढता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईत असून पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे त्याची अभिलेखागारे आहेत.

## दैनंदिन वापराच्या सुरळ्या

टिपकागद व प्रसाधनगृहातील कागदाच्या सुरळ्यांना हेच तत्त्व लागू पडते. कारखान्यात त्यांचे शेवटचे टोक डिंकाच्या हलक्या रेषेने धरलेले असते. वापर सुरू झाल्यावर मात्र दांडीवर सहज फिरणारी सुरळी एका झटक्यात कित्येक हात उलगडते. आतील पुठ्ठ्याची नळी किंचित चेपल्यास ती दांडीवर घासते आणि सुरळी तेवढीच फिरते जेवढी ओढली जाईल. न्यूयॉर्क राज्यातील सेथ व्हीलर यांच्या १८९१ च्या एकस्वातील आकृतीत कागदाचे टोक पुढच्या बाजूने लोंबताना दाखवले आहे. घरात लहान मूल असल्यास टोक भिंतीकडे ठेवणे सोयीचे पडते.

वेष्टन-कागदाच्या सुरळीसाठी रिकामी पुठ्ठ्याची नळी उभी चिरून कड्यासारखी बसवता येते. त्यामुळे रबर किंवा चिकटपट्टीची गरज उरत नाही. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या अनेक खोक्यांना दोन्ही बाजूंस आत दाबण्याचे पुठ्ठ्याचे तुकडे असतात. ते दाबल्यास सुरळी खोक्यातून बाहेर येत नाही. गुंडाळून मिळालेली दिनदर्शिका सपाट करण्यासाठी ती काही क्षण उलट दिशेने सैल गुंडाळतात. ही युक्ती नव्या, लवचीक कागदापुरतीच योग्य आहे. जुन्या कागदावर ती कधीही करू नये.

## हे सुद्धा पहा

* मोडी लिपी
* पेशवे दप्तर
* हातकागद
* धाराशिव जिल्हा