फोडणीचं वेळापत्रक

पाककृतींत हल्ली मापं चोख असतात. पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, तीन आमसुलं. वेळ मात्र ‘फोडणी करून घ्यावी’ एवढ्यावर उरकलेली असते. माझ्या मते घोळ होतो तो तिथेच. जिन्नस थोडा कमीजास्त पडला तर पदार्थ तरून जातो. अवेळी पडला तर सहसा नाही.

मोहरीच घ्या. अख्ख्या दाण्याला वास जवळजवळ नसतो. तिच्या झणक्याचा कच्चा माल आणि त्यातून झणका तयार करणारं मायरोसिनेज नावाचं विकर, हे दोन्ही दाण्यात वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि नाकाला झिणझिण्या येतात. भरताला किंवा लोणच्याला मोहरी पाण्यात फेसून घेतात ती यासाठी. तीच मोहरी अख्खी कडकडीत तेलात पडली की विकर उष्णतेनं निकामी होतं, झणका जन्मालाच येत नाही आणि उरतो निव्वळ खमंगपणा. तेल नीट तापायच्या आधी ती टाकली तर दोन्हींतलं काहीच पदरी पडत नाही. न तडतडलेली मोहरी भाजीत दाताखाली कडवट लागत राहते.

मोहरीनंतर जिरं, मग आच कमी करून हिंग, कढीपत्ता, हळद. तिखट अगदी शेवटी, आणि त्यापाठोपाठ लगेच भाजी किंवा पाणी, कारण तिखट करपायला काही क्षण पुरतात. तरीही ते तेलातच का घालायचं? मिरचीचा रंग आणि तिला तिखट करणारं कॅप्सेसिन दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाहीत. मिसळीच्या तर्रीला तो लाल तवंग येतो तो त्यामुळेच. मिसळ झोंबल्यावर घटाघटा पाणी पिऊन काही साधत नाही, दह्यानं साधतं, तेही त्यामुळेच.

हिंग म्हणजे फेरुला जातीच्या झाडांच्या मुळातून पाझरणारा वाळलेला चीक. आपल्याकडे तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रयोग सुरू झाला तो ऑक्टोबर 2020 मध्ये. डबीतला हिंग पीठ आणि डिंक मिसळून सौम्य केलेला असतो. कच्च्या हिंगाचा गंधकी दर्प गरम तेलात मवाळ होऊन कांदा-लसणाच्या वळणावर जातो. म्हणून वरणात वरून हिंग भुरभुरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. (ताकाचा अपवाद मान्य.)

तिरफळाची तऱ्हा नेमकी उलटी. कोकण-गोव्यात बांगड्याच्या किंवा तारल्याच्या आमटीत ते हवंच. फळ उघडून आतली काळी बी टाकून द्यायची, साल जराशी ठेचायची आणि आमटी उतरवायच्या सुमारास सोडायची. खोबऱ्याच्या वाटणात ते बारीक वाटलं तर आमटी कडू होते. खाताना ते ताटात बाजूला काढून ठेवतात. काम झालेलं असतं. जिभेवर येणाऱ्या त्या बारीक मुंग्या म्हणजे तिखटपणा नव्हे. तिरफळाचं चिनी भावंड म्हणजे सिचुआन मिरी. लंडनच्या संशोधकांनी ती लोकांच्या ओठांना लावून पाहिली आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडला, की ही संवेदना सेकंदाला सुमारे 50 कंपनांसारखी जाणवते. म्हणजे मेंदूला ती चव कमी आणि स्पर्श जास्त वाटतो.

दगडफुलाला कच्चेपणी वाळल्या पाचोळ्याइतकाच वास. गोड्या मसाल्यासाठी ते थोड्या तेलात परतलं की मातकट, किंचित धुरकट गंध उठतो. जायफळ याच्या विरुद्ध: किसल्यापासूनच त्याचा वास उडायला लागतो, त्यामुळे ते श्रीखंडावर ऐनवेळी किसावं. तयार पूड आणण्यात अर्थ नाही.

आंबटाची वेळ तर सगळ्यांत जास्त चुकते. चिंच किंवा आमसूल आधी पडलं तर बटाट्यासारख्या भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहजी सुटत नाही आणि फोडी तासभर रटरटल्या तरी टणक राहतात. भाजी शिजली, की मग चिंच. भेंडीला मात्र आमसूल सुरुवातीलाच टाका. आंबटानं तिची तार तुटते आणि ती जराशी टणक राहिली तर कुणाची तक्रार नसते.