बंद नाही, हळू

"बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, काका. हळू चाललंय, हीच कटकट आहे." आमच्या सोसायटीतली नेटवर्क इंजिनिअर मुलगी लिफ्टमध्ये फोन ठेवता ठेवता वैतागून म्हणाली. बंद पडलेलं परवडलं असं म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. रीतसर परवानगी काढून मी तिच्या रात्रपाळीला जाऊन बसलो.

ऑफिस खराडीला, सर्व्हर ऐरोलीला. तिच्यापुढे दोन स्क्रीन, कानावर हेडफोन आणि टेबलावर मशीनचा चहा. त्या चहाला वेलचीच्या इसेन्सचा जो वास येतो तो अजून माझ्या नाकात आहे. ब्रिज कॉलवर सर्व्हरवाले, स्टोरेजवाले आणि अ‍ॅप्लिकेशनवाले हजर होते, आणि आपल्याकडे सगळं ग्रीन असल्याचं प्रत्येक जण आळीपाळीने सांगत होता. तक्रार साधीच होती. व्हर्च्युअल मशिन नव्या सर्व्हरवर हलवल्यापासून रात्रीचा बॅकअप सकाळी लोक कामावर आले तरी संपत नव्हता.

ही मशिनं वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलेली असतात, पण आपण एकाच तारेवर आहोत अशी त्यांची समजूत करून द्यायची असते. त्यासाठी प्रत्येक पॅकेटभोवती दुसरं पॅकेट चढवून ते टनेलमधून पाठवतात. या पद्धतीचं नाव व्हीएक्सलॅन; तिचा आरएफसी दस्तऐवज २०१४ साली प्रसिद्ध झाला. जुन्या व्हीलॅनमध्ये चार हजारांच्या आसपास वेगळी नेटवर्कं मावत, इथे दीड कोटीहून जास्त मावतात. सोय मोठी आहे. किंमत पॅकेटमागे ५० बाइट.

"आधी पन्नास बघायचे, मग बाकीचं," ती म्हणाली. आतलं पॅकेट १५०० बाइटचं असेल, तर वाटेतल्या प्रत्येक स्विचने १५५० पुढे जाऊ दिले पाहिजेत. एखादा १५०० वरच अडून बसला, की पिंग जातं, लॉगिन होतं आणि मोठी फाइल मात्र अर्ध्यात लटकते. पॅकेट मोठं झाल्याचा निरोप उलट यायला हवा, पण कुठल्याशा फायरवॉलवर सुरक्षेच्या नावाखाली तोच अडवलेला असतो. तिने पिंगचा आकार १५२२ ठेवला (हेडरचे २८ धरून बरोबर १५५०), तुकडे करायला मनाई केली आणि सोडलं. उत्तर आलं. लांब वहीत पेन्सिलीने वेळ, आकडा आणि पुढे "५० ठीक" असं लिहिलं. स्क्रीनवर सगळं नोंदलं जात असताना ही वही कशाला, ते मला हळूहळू कळत गेलं: कॉलवर कोणी काय बदललं, हे स्क्रीन सांगत नाही.

"मॅम, रीस्टार्ट मारू का?" सर्व्हरवाल्याचा आवाज.

"कशालाही हात लावू नका." हे वाक्य त्या रात्री मी बऱ्याचदा ऐकलं. हातघाईवर आलेल्या माणसांना थोपवून धरणं हाच या कामाचा निम्मा भाग असावा. रीस्टार्टने कधी कधी चालू होतं, पण का बिघडलं होतं ते कायमचं पुसलं जातं. मग कोणीतरी ऑफलोड, म्हणजे प्रोसेसरचं काम कार्डाने उचलणं, बंद करून बघायला सुचवलं. हा सल्ला तिने हसण्यावारी नेला नाही. २०२० च्या सुमारास कुबरनेटीजच्या काही जोडण्या तब्बल ६३ सेकंद खोळंबत. टनेलमधल्या चेकसमची चूक होती आणि चेकसमचा ऑफलोड बंद केला की जोडणी झटकन होई. "पण ते दुखणं वेगळं. इथे आधी मोजू."

टनेल वगळून सर्व्हर ते सर्व्हर मोजलं, तर दहा गिगाबिटच्या तारेवर ९.४ मिळाले. टनेलमधून दोनच्या आसपास. हाताखालच्या मुलाने आठ धारा सोडून पाहिल्या होत्या, तरी आकडा हलत नव्हता. त्याचं वेग मोजायचं आयपर्फ जुनं निघालं. ३.१६ च्या आधीचं आयपर्फ३ कितीही धारा सोडल्या तरी एकाच थ्रेडवर चालतं, म्हणजे मोजणाराच दमलेला असू शकतो. तिने वेगवेगळ्या पोर्टवर वेगवेगळी आयपर्फ चालवली. तरीही दोन.

मग तिने पलीकडच्या सर्व्हरच्या प्रोसेसरचे कोअर स्क्रीनवर मांडले. एक शंभर टक्क्यांवर, बाकीचे निवांत. माझ्यासारख्या अडाण्यालाही ते दिसलं. खालापूरच्या टोलनाक्यावर सगळ्या लेन उघड्या असताना एकाच लेनमध्ये रांग लागावी, तसं. गाडी कुठून कुठे चालली एवढंच पाहून लेन ठरवली, तर सगळ्याच गाड्या पुणे ते मुंबई. टनेलच्या बाहेरच्या यूडीपी पॅकेटवर दोनच सर्व्हरचे पत्ते असतात, आणि पॅकेट कुठल्या कोअरकडे द्यायचं ते ठरवताना नवं नेटवर्क कार्ड यूडीपीसाठी फक्त पत्ते पाहत होतं. आतल्या प्रत्येक प्रवाहाला वेगळा सोर्स पोर्ट द्यावा, असं व्हीएक्सलॅनच्या दस्तऐवजातच सुचवलं आहे, आणि पाठवणारा तो देतही होता. कार्ड त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

"मग बघत का नाही?" मी विचारलं.

"पॅकेटचे तुकडे झाले तर पोर्ट फक्त पहिल्या तुकड्यावर असतो, काका. उरलेले भलत्याच रांगेत जातील आणि क्रम बिघडेल. म्हणून कार्डवाले सावध राहतात. आपल्याकडे तुकडे होतच नाहीत." तिने वहीत बोट ठेवलं. "पन्नास ठीक."

सुरुवातीच्या त्या चाचणीने काही सापडलं नाही असं मी धरून चाललो होतो. पण पुढचा बदल बिनधोक करायची मुभा त्या चाचणीनेच दिली होती. कार्डाने पोर्टही बघावा म्हणून ईथटूलची एक ओळ. कोअर एकामागून एक जागे झाले आणि एकूण आकडा सातच्या पुढे गेला. कॉलवर कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

तिने नाही वाजवल्या. एकच धार सोडून पुन्हा मोजलं आणि आकडा परत दोनवर आला. एक प्रवाह एकाच रांगेत जाणार, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर एकच जोडणी उघडतं. "बॅकअप तेवढाच लागणार," तिने कॉलवर सांगून टाकलं. "एक तर तुम्ही जोडण्या वाढवा, नाहीतर आतली पॅकेटं जोडून वर देणारं जीआरओ या कार्डावर का चालत नाही ते मला शोधू द्या."

अ‍ॅप्लिकेशनवाले म्हणाले, व्हेंडरला विचारतो. मॅनेजरला तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' हवं होतं. सात दिसतायत ना? तिने कार्डाच्या ड्रायव्हरची आवृत्ती वहीत उतरवली आणि तिकिटावर लिहिलं: टनेलची एकूण क्षमता सुधारली, बॅकअपची तक्रार कायम, तिकीट उघडं ठेवावं.