जुना मोबाईल घेताय? आधी त्याची नोंद तपासा

गटाच्या हिशेबासाठी आम्ही बचतीतून जुना मोबाईल घेतला. महिनाभरात त्याचं नेटवर्क बंद झालं. फोन चोरीचा निघाला! पैसे गेलेच, वर चौकशीही झाली.

जुना फोन वापरणं चांगलंच, पैसे वाचतात आणि कचराही कमी होतो. पण फोनची सरकारदरबारी नोंद असते, ती आम्ही पाहिलीच नव्हती. फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल, दोन सिमच्या फोनला दोन. मग इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर मेसेज करा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं, तर फोन घेऊ नका.

आता आम्ही उत्तर आल्याशिवाय पैसे काढत नाही. दुकानदार म्हणतो, “ताई, विश्वास नाही का?” म्हणू दे!