हुकूमशाहीतील साम्यवादी पक्ष व परकीय प्रेरणा : गोमंतकाचा दाखला

हुकूमशाहीखालील साम्यवादी पक्षावर परदेशी डाव्या चळवळीचा प्रभाव हा आज्ञेप्रमाणे वरून खाली येतो, अशी समजूत सामान्यतः आढळते. गोमंतकाचा इतिहास पाहता ती टिकत नाही.

पोर्तुगालमध्ये १९२६ साली लष्करी सत्ता आली व १९३२ साली सालाझार पंतप्रधान झाला. तेथील साम्यवादी पक्ष भूमिगत झाला. १९३६ पासून सरकारी नोकरास साम्यवाद अव्हेरल्याचे लिहून द्यावे लागे. गोव्यात तर लग्नपत्रिकादेखील सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. अशा भूमीत पक्ष उभा राहणे दुरापास्तच. तो मुंबईत उभा राहिला. जॉर्ज वाझ प्रभृतींचा गोवन पीपल्स पार्टी हा पक्ष भारतीय कम्युनिस्टांच्या सहवासात, मोर्चे व जाहीर सभांच्या वातावरणात वाढला, आणि साहजिकच तीच कार्यपद्धती सीमेकडे गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्यापलीकडील पत्रादेवीच्या हद्दीवर (बांदा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा) साम्यवाद्यांसह अनेक पक्षांच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. राज्यकर्त्यास लोकमताची थोडी तरी भीड असेल तेथेच हे तंत्र फळते. सालाझारला ती नव्हती.

दुसरा मार्ग लिस्बनहून येणारा. १९५१ साली सालाझारने घटनेतून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला व गोव्यास 'सागरपार प्रांत' म्हटले. शब्द बदलला की प्रश्न मिटतो, अशी राज्यकर्त्यांची श्रद्धा पुष्कळदा दिसते! १९५७ च्या पाचव्या अधिवेशनात पोर्तुगीज साम्यवादी पक्षाने वसाहतींचा तत्काळ स्वातंत्र्याचा हक्क मान्य केला, तेव्हा त्याने हे नामांतरही नाकारले. परंतु त्याच अधिवेशनात, सोव्हिएत पक्षाच्या १९५६ च्या विसाव्या काँग्रेसच्या प्रभावाने, हुकूमशाही शांततेने विसर्जित होईल अशी भूमिकाही घेतली गेली. जेथे निवडणुका व वृत्तपत्रे मुक्त आहेत तेथे ही भूमिका विचारार्ह ठरेल. गुप्त पोलिसांच्या राज्यात ती भ्रामकच होती. ३ जानेवारी १९६० रोजी पेनिशच्या किल्ल्यातून निसटलेल्या आल्वारो कुन्याल यांनी पुढे तिला उजवे विचलन ठरविले. मुंबईहून आलेला सत्याग्रह काय किंवा मॉस्कोहून आलेला शांततेचा मार्ग काय, मुळातील परिस्थिती मागे राहून केवळ सूत्र प्रवासास निघाले होते.

त्याच पेनिशमध्ये १९४६ साली आठ वर्षांची शिक्षा झालेले त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना ठेवले होते. पॅरिसमधील विद्यार्थिदशेपासून युरोपातील साम्राज्यविरोधी विचारांशी त्यांचा परिचय होता. मडगावात वाढलेले कादंबरीकार ओर्लांदो द कोश्ता लिस्बनला जाऊन पोर्तुगीज साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. ठरावांपेक्षा अशा माणसांच्या येण्याजाण्याने प्रभाव अधिक खोल रुजतो. परंतु त्याचे मोजमाप अवघड असल्याने अभ्यासक ठरावांवरच थांबतात.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तो भारतीय सैन्याकरवी. सोव्हिएत संघाने सुरक्षा समितीत नकाराधिकार वापरून त्यास पाठबळ दिले. लिस्बनमधील पक्षास उघड्यावर येण्यासाठी मात्र २५ एप्रिल १९७४ उजाडावा लागला.