विलायतेंतील कांचघराचें नवें छप्पर

आमच्या कोंकणांतल्या घरीं वैशाख लागला कीं कौलें परतण्याची धांदल सुरू होई. वडील अंगणांत उभे राहून वर चढलेल्या गड्यांना सूचना देत, आई फुटक्या कौलांचा हिशेब ठेवी, आणि आम्हां मुलांच्या वांट्यास माळ्यावरची धूळ झाडण्याचें काम येई. पहिल्या पावसाच्या रात्रीं घरांत कोठें थेंब पडतो काय हें पाहण्यासाठीं वडील कंदील घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत. छपराविषयींचें माझें सारें ज्ञान या बाळपणींच्या शिदोरीवर उभें होतें. ती घेऊन चैत्रांत आम्हीं उभयतां सहा महिन्यांसाठीं इंग्लंडांत चिरंजीवांकडे गेलों, तेव्हां तेथेंहि छपराचाच प्रश्न आमची वाट पाहत असेल असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

चिरंजीव लंडनच्या पश्चिमेस रेडिंग येथें राहतात. घर बेताचेंच, पण मागल्या अंगास जेवणघराला लागून एक कांचेची खोली आहे. तिकडे तिला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. आपण कांचघर म्हणूं. कमरेच्या खालींच थांबणारा विटांचा कठडा, त्यावर तिन्ही बाजूंनीं खिडक्या, आणि माथ्यावर पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लास्टिकचे पोकळ, धुरकट तक्ते. खोली चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. सूनबाईंची तुळस येथेंच असते, कारण उघड्यावर ठेविली तर तिकडच्या पहिल्याच दहिंवरांत ती काळी पडते. तुळशीपाठोपाठ देवांचा चौरंग आला, आणि आम्हीं गेल्यावर आमच्या मंडळींची सकाळची पोथीहि त्याच खोलींत सुरू झाली.

जागा दिसावयास सुरेख, परंतु राहावयास कठीण. उन्हाळ्यांतील दुपारीं ती भट्टीसारखी तापे. पौषांत तेथें दोन शाली घेऊनहि बसवत नाहीं, असें सूनबाई म्हणाल्या. आणि पाऊस आला कीं त्या तक्त्यांवर असा ताशा वाजे कीं पोथींतला शब्द कानीं पडूं नये. यावर दोन वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं एक स्वस्त तोड काढली होती. एका ठेकेदारानें जुने तक्ते तसेच ठेवून आंतून उष्णतारोधक पट्टे आणि फळ्या मारून दिल्या. पहिल्याच हिंवाळ्यांत त्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी गळूं लागलें, आणि तें नेमकें देवांवर! छप्पर फुटलें म्हणावें तर बाहेर पाऊस नाहीं. कारण पुढें समजलें. माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा फळ्यांच्या फटींतून वर जाई, थंडगार प्लास्टिकला लागून त्याचें पाणी होई, आणि तें पुन्हां खालीं टपके. मध्यें वाफ अडविणारा पडदा नव्हता, वाऱ्याला खेळावयास जागा नव्हती. फळ्या काढल्या तेव्हां मागें काळ्या बुरशीचे ढग दिसले. ठेकेदार मात्र दूरध्वनीला उत्तर देईनासा झाला होता.

येथें थोडें विषयांतर करतों. कांचेच्या छपराचा इतिहास मोठा मौजेचा आहे. इंग्लंडांत १७४५ पासून कांचेवर सरकारी कर होता, तो १८४५ मध्यें उठला. खिडक्या मोजून घेतला जाणारा निराळा कर १८५१ पर्यंत टिकला. तोंवर कांचेचें छप्पर म्हणजे उमरावांचा शोक. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ येथें जोसेफ पॅक्स्टन या बागाइतानें १८३६ मध्यें एक अवाढव्य कांचगृह बांधावयास घेतलें. पहिल्या महायुद्धांत तें तापविण्यास कोळसा मिळेना, आंतलीं उष्ण देशांतलीं झाडें मेलीं, आणि १९२० मध्यें तें पाडून टाकावें लागलें. याच पॅक्स्टननें १८५१ च्या प्रदर्शनासाठीं क्रिस्टल पॅलेस उभारला. बंगळूरच्या लालबागेंतील कांचगृह, ज्याची कोनशिला १८८९ मध्यें बसली, तें त्याच घराण्यांतलें. क्यू येथील बागेंतल्या एका जुन्या कांचगृहाची दुरुस्ती पांच वर्षें चालून २०१८ मध्यें संपली. तींत सुमारें १५,००० कांचा बदलल्या. हें मीं मोठ्या उत्साहानें जेवतांना सांगितलें, तेव्हां चिरंजीव म्हणाले, “बाबा, आपल्याला बारा पुरेत.”

पण बारा तरी कांचाच हव्यात काय, हाच वादाचा मुद्दा होता. जुन्या तक्त्यांच्या जागीं नवे तक्ते हा मार्ग सर्वांत स्वस्त. परंतु त्यानें ताशाहि कायम राहतो आणि भट्टीहि. दुसरा मार्ग दुहेरी कांचेचा. हल्लींच्या कांचेवर धातूचा इतका पातळ लेप असतो कीं तो डोळ्यांना दिसत नाहीं, पण आंतली ऊब आंत आणि बरेंचसें ऊन बाहेर ठेवतो. तिसरा मार्ग भरीव छपराचा: ॲल्युमिनियमचे किंवा लांकडाचे वासे, मध्यें जाड उष्णतारोधक थर, वर हलकीं कौलें आणि खालीं गिलावा. सूनबाईंना कांच हवी होती, चिरंजीवांना भरीव छप्पर. आमच्या मंडळींचें म्हणणें एवढेंच कीं तुळस जगली पाहिजे.

प्रथम वजनाचा विचार करावा लागतो. पॉलिकार्बोनेट चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो भरतें. कांच एक मिलिमीटर जाडीला अडीच किलो, म्हणजे चार-चार मिलिमीटरच्या दुहेरी कांचेचे वीस किलो झाले. उतार धरून आमचें छप्पर तेरा चौरस मीटर. जेथें पन्नास किलोंच्या आंतलें ओझें होतें, तेथें एकदम अडीचशेंच्या वर जाणार. शिवाय बर्फ पडेल तें निराळें. ज्या प्लास्टिकच्या चौकटींनीं वीस वर्षें पिसासारखें छप्पर पेललें, त्या हें पेलतील असें गृहीत धरणें म्हणजे केवळ दैवावर हवाला. म्हणून नीट काम करणारा माणूस आधीं वर पाहत नाहीं, खालीं पाहतो. आमच्याकडे आलेल्या एका वयस्क कारागिरानें कठड्यालगत हातभर खड्डा खणून पाया किती खोल आहे तें पाहिलें, चौकटींत पोलादी आधार आहेत काय तें चुंबक लावून तपासलें, आणि मगच वही काढली. पाया ठीक होता. दोन कोपऱ्यांत नवे खांब घालावे लागतील म्हणाला. त्याच्या आधीं येऊन गेलेल्या दोघांनीं खड्डा खणणें तर राहोच, पायांतले जोडेहि ओल्या गवतांत घातले नव्हते.

त्यांपैकीं एकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यानें तीन तास बसून एक अचाट आंकडा सांगितला, मग आपल्या वरिष्ठाशीं दूरध्वनीवर बोलल्याचा देखावा केला आणि म्हणाला, आज रात्रीं सही केल्यास निम्म्यांत देतों. आमच्या मंडळींना इंग्रजी फारसें येत नाहीं, पण मंडईंतला अनुभव दांडगा. त्या आंतून मराठींत म्हणाल्या, “त्याला चहा द्या आणि पाठवा.” तिन्ही दरपत्रकें जमलीं तेव्हां सर्वांत चढें हें सर्वांत उतरत्याच्या दुपटीजवळ होतें. दरपत्रक वाचतांना शेंकडा २० चा कर धरला आहे कीं नाहीं, जुना माल उचलून नेणें, आंतला गिलावा, विजेचें काम आणि सरकारी तपासणीची फी कोणाकडे, हें स्वच्छ लिहून घ्यावें. आगाऊ रकमेचा कांहीं भाग तरी क्रेडिट कार्डानें द्यावा. १९७४ च्या तिकडील ग्राहकपत कायद्याच्या ७५ व्या कलमानें शंभर पौंडांहून अधिक आणि तीस हजारांपर्यंतच्या खरेदींत ठेकेदार बुडाला तर कार्ड देणारी बॅंकहि जबाबदार राहते. पहिल्या ठेकेदाराला चिरंजीवांनीं सगळे पैसे रोख दिले होते.

कायद्याचा भाग थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांत तळमजल्यावरचें, तीस चौरस मीटरांच्या आंतलें, मूळ घरापासून बाहेरच्या प्रतीच्या दारानें तोडलेलें आणि घराची उष्णतेची नळी न घेतलेलें कांचघर सामान्यतः बांधकाम नियमांतून मोकळें असतें. भरीव छप्पर घातलें कीं ही सूट सहसा जाते आणि निरीक्षकाची मंजुरी लागते. तो वजन, आधार आणि उष्णतारोध पाहतो. नव्या छपरांतून किती उष्णता निसटावी याचीहि मर्यादा ठरलेली आहे. शेवटीं पूर्णतेचा दाखला मिळतो. हा दाखला जपून ठेवावा, कारण पुढें घर विकतांना घेणाराचा वकील पहिल्याने तोच मागतो. जुन्या, संरक्षित म्हणून नोंदलेल्या वास्तूंना तर वेगळीच परवानगी लागते.

आतां प्रकाशाचें. भरीव छप्पर घालतांना लोक कांचघराचाच विचार करतात, आणि त्याच्या मागें असलेल्या खोलीला विसरतात. आमच्या जेवणघराला दुसरी मोठी खिडकी नव्हती. त्याचा सारा उजेड कांचघरांतून गाळून येई. सूनबाईंचा कांचेचा आग्रह यासाठीं होता, आणि तो रास्त होता. मीं कागदावर थोडें गणित मांडलें. मकरायनाच्या सुमारास भर दुपारीं पुण्यांत सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. रेडिंगला तो जेमतेम १५ अंश चढतो. म्हणजे तुळशीला उन्हाची खरी गरज असते त्या दिवसांत ऊन छपरांतून येतच नाहीं, तें दक्षिणेच्या खिडकींतून आडवें येतें. उलट ज्येष्ठांत तो ६२ अंशांवर असतो आणि तेव्हां छपरांतून येतें तें नको असलेलें ऊन. मी विजयी मुद्रेनें कागद पुढें केला. सूनबाईंनीं तो पाहिला आणि शांतपणें विचारलें, “पण बाबा, येथें हिंवाळ्यांत सूर्य दिसतो किती दिवस?”

त्यांचें खरें होतें. आकाश पूर्ण झांकोळलेलें असतें तेव्हां डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या सुमारें तिप्पट उजळ असतो. अशा दिवशीं उजेड वरूनच यावा लागतो. माझें गणित बरोबर, पण तें पुण्याच्या आकाशाखालीं बसून केलेलें. शेवटीं भरीव छप्पर आणि त्यांत उघडणाऱ्या दोन कांचेच्या खिडक्या असें ठरलें: एक जेवणघराच्या दारासमोर, दुसरी तुळशीच्या डोक्यावर. किंमत थोडी चढली. ती चिरंजीवांनीं मुकाट्यानें मान्य केली.

काम श्रावणांत निघालें आणि आठ दिवस चाललें. पहिल्या दिवशीं जुने तक्ते उतरले तेव्हां खोलीला आकाशच छप्पर होतें, आणि देवांसह आम्हीं सर्व जिन्याखालच्या जागेंत आलों. जेथें घराची भिंत आणि नवें छप्पर मिळतें, तेथें शिशाचा पत्रा आणि रुंद पन्हळ असते. गळती होते ती बहुधा तेथून, कौलांतून नव्हे. म्हणून त्या सांध्याचें काम चालतांना घरांतलें कोणी तरी हजर असावें. चौथ्या दिवशीं निरीक्षक येऊन उष्णतारोधक थर, वाफेचा पडदा आणि वाऱ्याच्या फटी पाहून गेला; त्यानंतरच गिलाव्याच्या पाट्या चढल्या. गिलावा वाळेपर्यंत खोलींत चुन्यासारखा वास येत राहिला. घर आणि कांचघर यांमधलें दार आम्हीं काढूं दिलें नाहीं. तें काढून एकच मोठी खोली करावी असा मोह पुष्कळांना होतो, पण भिंती अजून कांचेच्याच आहेत.

काम संपल्यावर तिसऱ्या रात्रीं मोठा पाऊस आला. मी उठलों, हातदिवा घेतला आणि खालीं गेलों. कांचघरांत चिरंजीव आधींच हातदिवा घेऊन भिंतीचा सांधा न्याहाळीत उभे होते. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. पावसाचा आवाज आतां दूरच्या ओढ्यासारखा वाटत होता.

आश्विनांत आम्हीं परतलों. कार्तिकांत तुळशीचें लग्न त्याच खोलींत झालें. शेजारचीं चार मराठी कुटुंबें आलीं होतीं, आणि मंगलाष्टकें आम्हांला दूरध्वनीवरून ऐकविलीं. पौषांत मंडळींनीं विचारलें, तुळस कशी आहे? सूनबाई म्हणाल्या, पानें लहान झालीं आहेत, उजेडाकडे कलली आहे, पण खोडाजवळ नवे कोंब आहेत. आणि खोलींत बसावयास एक शाल पुरते.