चाकांवरच्या घरात जड पाणी

अमेरिकेत लास वेगासच्या कॅम्पग्राउंडवर आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, टाकी भरली की थोड्याच दिवसांत नळाच्या तोंडाशी पांढरी खरपुडी धरते. तिथलं बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीवरच्या मीड जलाशयातून येतं आणि त्यात विरघळलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. पाणी तापलं की हा क्षार घट्ट होऊन हीटरमध्ये थर धरतो. म्हणूनच टाकी भरतानाच पाणी मृदू करणं शहाणपणाचं. नळ आणि टाकी यांच्यामध्ये जोडायच्या सॉफ्टनरमध्ये राळेचे बारीक मणी असतात आणि त्यांवर सोडियम बसलेलं असतं. बसमध्ये एका धिप्पाड प्रवाशासाठी दोघांनी उठावं, तसा कॅल्शियमचा एक कण बसला की सोडियमचे दोन पाण्यात उतरतात. जागा संपल्या की आतून मिठाचं पाणी सोडायचं. सोडियमच्या गर्दीपुढे कॅल्शियम सुटून निचऱ्यात जातं.

गाळणी असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. गाळणी गाळ अडवते, पण विरघळलेले क्षार तिच्यातून आरपार जातात. पाण्यात सोडियम वाढतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर पिण्याचं पाणी वेगळं भरावं. सॉफ्टनर जंतूही मारत नाही, त्यामुळे पाणी मुळात पिण्यायोग्यच हवं.