हसू कुणाचं, हसं कुणाचं?

मराठीत ‘हसू’ आणि ‘हसं’ हे शब्द दिसायला जुळे, पण स्वभावाने निराळे. हसू ओठांवर येतं. हसं माणसाचं होतं. जुन्या मूकपटांतली ज्यू पात्रं समजून घ्यायला हा फरक फार उपयोगी पडतो.

१९०७ साली अमेरिकेत एडिसन कंपनीने ‘कोहेन्स फायर सेल’ हा छोटा विनोदी चित्रपट काढला. त्यातला ज्यू दुकानदार म्हणजे मोठं खोटं नाक लावलेला नट. दुकानाला आग लागते, तरी याचा डोळा विम्यावर आणि जळक्या मालाच्या विक्रीवर! मूकपटात बोलणं नसे. पात्र कोण, हे चेहरा, कपडे आणि हातवारे यांवरून झटकन कळावं लागे. त्यामुळे रंगमंचावरचे तयार साचे तसेच पडद्यावर आले.

आता १९२८ चा ‘पास द ग्रेव्ही’ बघा. नायक मॅक्स डेव्हिडसन, बर्लिनला जन्मलेला ज्यू नट. मुलीचं लग्न शेजाऱ्याच्या मुलाशी ठरलंय. मेजवानीच्या ताटात आलाय शेजाऱ्याचाच बक्षीस मिळवलेला कोंबडा, आणि पायाला पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी तशीच! मुलं खाणाखुणा करून दमतात. बापाला काही उमगत नाही. दाढी आणि खांदे उडवणं ही जुनी लकब इथेही आहेच. पण हसू येतं ते व्याह्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून चाललेल्या धडपडीचं. अशी फजिती कुणाच्याही घरी होईल.

कृष्णवर्णीय कलावंतांचीही हीच अडचण होती. बर्ट विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय. तरी त्यांना चेहऱ्याला काळा रंग फासावा लागे. १९१३ साली कृष्णवर्णीय नटनट्यांसह त्यांचा एक विनोदी चित्रपट चित्रित झाला, पण तेव्हा प्रदर्शित झाला नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो २०१४ मध्ये लोकांना दाखवला.

कोकणात शेजाऱ्यांनी आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. तेलाचा घाणा आणि शनिवारची सुटी, दोन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कोहेनचं नाक मात्र चिकटवलेलं होतं. दुसऱ्याची ओळख सांगताना आपण पाहिलेलं सांगतो की चिकटवलेलं, हे तपासायला हवं.

पुढच्या वर्गासाठी: ‘हसू’ आणि ‘हसं’ वापरून प्रत्येकी दोन वाक्यं लिहा. घरच्या मोठ्यांना विचारा, भारतात शेजारी त्यांना काय म्हणून ओळखत.